व्यसन सुटले, दाह बाकी

मेफेड्रोन ऊर्फ ‘एमडी’ पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. २०१५ मध्ये हा पदार्थ अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आला. जप्तीचे आकडे छापून येतात. पण ती पूड ज्याने ओढली त्याच्या मेंदूचे पुढे काय होते, हे घरच्यांनाही ठाऊक नसते.

उत्तेजक पदार्थांपैकी खूप अभ्यासला गेलेला पदार्थ म्हणजे मेथॅम्फेटामाइन. तो घेतला की मेंदूत डोपामाइनचा पूर येतो. या जादा डोपामाइनच्या विघटनातून पेशींना इजा करणारी द्रव्ये तयार होतात. चढलेले शरीराचे तापमान त्यात भर घालते. मायक्रोग्लिया या पेशी म्हणजे मेंदूचे पहारेकरी. इजेची चाहूल लागताच त्या खवळतात आणि दाह वाढवणारी रसायने सोडतात. हा दाह लांबला, तर शेजारच्या चेतापेशींनाही झळ बसते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही.

जपानमध्ये मेथॅम्फेटामाइन सोडलेल्या १२ जणांचे पेट स्कॅन केले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, नशा थांबूनही त्यांच्या मायक्रोग्लिया व्यसन नसलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक सक्रिय आढळल्या. दिलासा एवढाच, की व्यसन सोडून जितका अधिक काळ लोटला होता, तितकी मेंदूच्या काही भागांतली ही सक्रियता कमी होती. अभ्यास लहान आहे आणि मेफेड्रोनवरचे संशोधन त्याहून तोकडे. पण डोपामाइन तोही उसळवतो.

म्हणूनच व्यसनमुक्ती केंद्रातून महिन्याभरात परतलेला मुलगा ‘बरा झाला’ असे धरून चालणे चुकीचे आहे. तो चिडतो, विसरतो, त्याला झोप लागत नाही. मग ‘मनावरच घेत नाही’ असा शिक्का बसतो. अफूजन्य व्यसनांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे आहेत. मेथॅम्फेटामाइनच्या व्यसनावर तसे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. उपचार म्हणजे समुपदेशन, नियमित तपासणी आणि वेळ. रुग्णालयांनी घरी सोडतानाच पुढच्या वर्षभराच्या भेटींच्या तारखा लिहून द्याव्यात आणि त्या चुकल्या तर फोन करावा.

पोलिसांच्या भीतीनेही अनेक घरे गप्प बसतात. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्य केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर कायद्याचे कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. १४४४६ ही शासनाची मोफत हेल्पलाइन आहे. जप्तीच्या प्रत्येक बातमीखाली हा क्रमांक छापायला काय हरकत आहे?