पासवर्ड बदलला नाही, की बदलायला ठेवला?

सर्व्हर फुटला की खापर ठरलेल्या डोक्यावर फुटतं: ऑपरेटरनं सेटिंग बदललं नाही. हा निवाडा सोयीचा आहे, खरा नाही. मोंगोडीबी या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या पासवर्ड न मागता सुरू होत आणि कित्येक ठिकाणी थेट इंटरनेटवर उघड्या पडत. जानेवारी २०१७ मध्ये असे हजारो डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली. हजारो माणसं एकच चूक करतात, तेव्हा चूक मालात शोधावी. कंपनीनंही पुढे ३.६ आवृत्तीपासून बाहेरची जोडणी मुळातच बंद ठेवली. वापरणारे तेच होते, बदललं ते सेटिंग.

‘गोंदियात येऊन कोण काय चोरणार?’ असं विचारणाऱ्यांना वाटतं की चोर जिल्हा पाहून येतो. इंटरनेटचे सगळे आयपीव्ही४ पत्ते एका संगणकावरून पाऊण तासात चाचपता येतात, हे २०१३ मध्येच झेडमॅप या साधनानं दाखवलं. त्या चाचपणीला गोंदिया जिल्ह्यातलं सालेकसा आणि मुंबई सारखीच. आणि चोरण्यासारखं काही नाही म्हणावं, तर धान विकायला शेतकरी सातबारा, आधार आणि बँक पासबुक देतो. समजा, ही कागदपत्रं अपाचे या वेब सर्व्हरवर एका फोल्डरात आहेत आणि त्यात इंडेक्स फाइल नाही. अनेक लिनक्स प्रणालींत अपाचेचं तयार सेटिंग असं, की फोल्डरचा पत्ता टाकताच फायलींची यादी समोर येते: नाव, तारीख, आकार, आणि क्लिक केलं की फाइल. यात हॅकिंग कुठलं? हे तर चावडीवर दप्तर मांडून ठेवणं झालं.

मग सगळं सरकारी, एकाच सुरक्षित व्यवस्थेवर न्यावं, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी एनआयसी या सरकारी संस्थेची एसथ्रीवास सेवा आहे ती त्यासाठीच. पण तिथेही चुकीच्या सेटिंगमुळे आधार क्रमांकांसह नागरिकांची खासगी कागदपत्रं उघडी राहिली आणि सर्च इंजिनांत पोचली, हे मार्च २०२४ मध्ये बाहेर आलं. छप्पर एक केलं, म्हणून कडी आपोआप लागत नाही. कडी लावण्याची सक्ती मात्र करता येते: ब्रिटननं एप्रिल २०२४ पासून घरगुती स्मार्ट उपकरणांत सरसकट एकच पासवर्ड देण्यास कायद्यानं मनाई केली. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण ती डेटा सांभाळणाऱ्यासाठी. उघडा माल देणारा पुरवठादार त्यातून सुटतो. त्याला धरायची जागा निविदा. फायलींची यादी बंद, पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा, लागेल तेवढंच पोर्ट खुलं, हे तपासल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही, ही अट गोंदियाची जिल्हा परिषदही घालू शकते.