काटकसर, पण कोणाच्या खर्चाने?

जुन्या संगणकांचा विषय निघाला की आपण ब्लॉगवाले जरा जास्तच हळवे होतो. ‘६४० केबीत लोक अख्खं ऑफिस चालवायचे, आणि आता साधं पत्र लिहायला ४ जीबी लागतात!’ हे वाक्य मी गेल्या काही दिवसांत तीनदा वाचलं. एकदा तर आमच्या मेव्हण्यांच्याच लेखात. (वाचत असाल तर राग नसावा!) वाक्य खोटं नाही. पण ते इंग्रजीत काम करणाऱ्याचं वाक्य आहे, असं माझं मत.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याला एकूण १,०२४ केबी जागाच ओळखता यायची. त्यातले ३८४ केबी पडदा आणि यंत्राच्या स्वतःच्या कामांसाठी राखलेले, म्हणून उरले ६४०. त्यात आधी डॉसने पथारी पसरायची, मग लोटस १-२-३ सारख्या प्रोग्रॅमने. लोटस सगळा तक्ता मेमरीतच ठेवी, त्यामुळे तक्ता वाढला की ‘मेमरी फुल’. यावर १९८५ साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तोडगा काढला. जादा मेमरी वेगळ्या कार्डावर ठेवायची आणि ६४ केबीच्या एका खिडकीतून तिचे १६-१६ केबीचे तुकडे आळीपाळीने आत घ्यायचे. कार्यालय लहान असलं की आपण पंगती उठवतो, तसंच. हुशारी आहेच, नाही कोण म्हणतं?

पण या पंगतीत मराठीला पान कुठे होतं? इंग्रजी अक्षरं पडद्याच्या कार्डातल्या चिपमध्ये कायमची कोरलेली. ८० रकाने, २५ ओळी, म्हणजे २,००० अक्षरं. प्रत्येकी २ बाइट, की ४,००० बाइटमध्ये पडदा भरला. मराठीत वर वेलांटी, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. ती ठिपक्याठिपक्यांनी काढावी लागत. हर्क्युलस कार्डाच्या ७२० बाय ३४८ ठिपक्यांना ३१,००० बाइटच्या वर लागतात, जवळजवळ आठपट. आणि अक्षरांचे साचे व ती काढणारा प्रोग्रॅम पुन्हा त्या ६४० मध्येच आले! पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने हे ओझं बरंचसं स्वतःकडे घेतलं, इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसू लागली. फार मोलाचं काम. तरी हिशेब बघा, इंग्रजी यंत्राबरोबर आलेली आणि मराठीसाठी कार्ड वेगळं विकत घ्यायचं.

ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांनी मुलांची नावं रोमनमध्ये लिहिली. काळे आणि काले ही दोन आडनावं तिथे एक होतात. काणे आणि काने पण. मी जन्मभर हजेरी घेतली आहे, मला हे क्षुल्लक वाटत नाही.

आता युनिकोड आहे. ‘मराठी’ हा शब्द जुन्या इस्की पद्धतीत ५ बाइटमध्ये मावायचा, यूटीएफ-८ मध्ये १५ लागतात. तिप्पट! हल्लीच्या मेमरीच्या सुबत्तेचा थोडा भाग असा आपल्या पदरातही पडला आहे. त्याला उधळपट्टी म्हणू नका.

उरलेल्या उधळपट्टीचं समर्थन मी करत नाही. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी लागत, विंडोज ११ ला किमान ४ जीबी. बरोब्बर १,०२४ पट. माझी पत्रं काही तितक्या पटीने सुधारलेली नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला तेव्हा धडधाकट यंत्रं अडगळीत गेली, त्याचा मला रागच आहे. फक्त कात्री हातात घ्याल तेव्हा ती आधी आपल्या लिपीवर फिरू नये.

कारण ती अजून फिरते. इंग्रजीचा एक एसएमएस १६० अक्षरांचा, मराठीचा ७० चा, त्यातही काना-मात्रा वेगळे मोजतात. मजकूर लांबला की एकाचे दोन होतात. ‘तुमच्या खात्यातून’ एवढं लिहिलं की १७ जागा संपल्या. उरलेल्या ५३ मध्ये किती पैसे गेले, केव्हा गेले आणि कोणाला गेले, ते सांगायचं.