इशारा देणार कोण?

लेक अव्हेन्यू हा लॉस एंजेलिसजवळच्या आल्टाडेना गावाच्या मधोमध उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता. 7 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास जवळच्या ईटन कॅन्यन या घळीत आग लागली. या रस्त्याच्या पूर्वेकडे राहणाऱ्यांच्या मोबाइलवर तास-दीड तासात घरे सोडण्याचे आदेश आले. पश्चिमेकडे राहणाऱ्यांना तोच आदेश मिळाला दुसऱ्या दिवशी पहाटे 3 वाजून 25 मिनिटांनी. तोवर तिकडची घरे पेटून कित्येक तास झाले होते. रात्री अकराच्या आधीपासूनच तशा वर्द्या अग्निशमन दलाच्या बिनतारी यंत्रणेवर येत होत्या. या आगीने 19 बळी घेतले आणि त्यांतले बहुतेक सगळे लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेचे होते. बरेच जण साठी-सत्तरी ओलांडलेले, काही अंथरुणाला खिळलेले. कोणी हात दिल्याशिवाय घराबाहेर पडणे ज्यांना शक्य नव्हते, अशी ही माणसे.

लॉस एंजेलिस काउंटीच्या आपत्कालीन कारभाराबद्दल जे काही बोलायचे ते या आठ तासांपासूनच सुरू करावे लागते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण हा जिल्हा साधासुधा नव्हे. सुमारे 1 कोटी लोकवस्ती, 88 स्वतंत्र नगरपालिका आणि अमेरिकेतल्या कित्येक राज्यांना हेवा वाटावा असा अर्थसंकल्प. वणवा विझवण्याचा इतका अनुभव असलेली माणसे जगाच्या पाठीवर दुसरीकडे क्वचितच सापडतील. तेव्हा पैसा नव्हता, यंत्रे नव्हती, माणसे अडाणी होती या नेहमीच्या सबबी इथे चालणार नाहीत. आल्टाडेनाला स्वतःची नगरपालिका नाही, महापौर नाही. तिथला कारभार थेट काउंटीच्या पाच निर्वाचित पर्यवेक्षकांच्या मंडळाकडे आणि तिच्याच अग्निशमन दलाकडे व शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाकडे. त्यामुळे शेजारच्या पालिकेकडे बोट दाखवण्याचीही सोय नाही.

संकट अवचित कोसळले, असेही म्हणता येत नाही. हवामान खात्याने आदल्या दिवसापासून प्राणघातक वादळी वाऱ्यांचा इशारा दिला होता, तोही क्वचितच वापरल्या जाणाऱ्या कडक शब्दांत. मे 2024 पासून लॉस एंजेलिस शहरात जेमतेम 4 मिलिमीटर पाऊस झाला होता. त्याआधीचे दोन हिवाळे ओले गेल्यामुळे डोंगरउतारांवर गवत आणि झुडपे माजली होती आणि ती सगळी वाळून कोळ झाली होती. त्यात वाळवंटाकडून समुद्राकडे सुटणारे सांता आना वारे आले. डोंगरमाथ्यांवर त्यांचे झोत ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास पोहोचले. अशा वाऱ्यात निखारे आगीच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात. कौलांच्या फटीत, माळ्याच्या जाळीत, अंगणातल्या पाचोळ्यात. मग आग डोंगरावरून घराकडे येत नाही, एका घरातून शेजारच्या घरात जाते. त्या रात्री वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर आणि विमाने जमिनीवरच ठेवावी लागली. म्हणजे आभाळातून आग कुठवर आली हे पाहणारा डोळाही मिटला होता. ही आग आटोक्यात येणार नाही हे अनुभवी बंबवाल्यांनी पहिल्या काही तासांतच ओळखले असणार. अशा वेळी यंत्रणेच्या हाती एकच काम उरते, ते म्हणजे माणसे हलवणे.

चर्चा मात्र रंगली ती पाण्याची. त्याच दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिस शहरातल्या पॅलिसेड्स भागात सुरू झालेल्या आगीत शहराचे हायड्रंट कोरडे पडले. दुरुस्तीसाठी रिकामा ठेवलेला सांता यनेझ जलाशय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. पश्चिम आफ्रिकेत घानाच्या दौऱ्यावर गेलेल्या महापौर कॅरन बास टीकेच्या धनी झाल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी शहराच्या अग्निशमन प्रमुख क्रिस्टिन क्राउली यांना पदावरून दूर केले. डोनाल्ड ट्रम्प यांना तर एका चिमुकल्या माशाच्या रक्षणासाठी पाणी अडवले गेल्याचा साक्षात्कार झाला. अध्यक्षपदावर येताच त्यांच्या आदेशाने मध्य कॅलिफोर्नियातल्या दोन धरणांचे दरवाजे उघडले गेले. ते पाणी लॉस एंजेलिसला पोहोचण्याची सोयच नव्हती. ते शेतीच्या खोऱ्यात गेले, तेही शेतकऱ्यांना नको असताना. वास्तविक शहराची नळयोजना दोन-चार घरांची आग विझवण्याच्या हिशेबाने बांधलेली असते. हजारो घरे एकाच वेळी पेटली तर कुठल्याही शहराचे हायड्रंट कोरडे पडतील. रिकाम्या जलाशयाची चौकशी व्हायला हवी होती, ती झालीही. पण आल्टाडेनाच्या पश्चिमेला माणसे मेली ती हायड्रंट कोरडे पडले म्हणून नव्हे. त्यांना कोणी उठवलेच नाही, म्हणून.

का उठवले नाही? पर्यवेक्षक मंडळाने नेमलेल्या मॅक्रिस्टल ग्रुप या संस्थेचा चौकशी अहवाल सप्टेंबर 2025 मध्ये आला. निवृत्त जनरल स्टॅन्ली मॅक्रिस्टल यांची ही संस्था. कोणा एकाची चूक नाही, जुनाट धोरणे, विस्कळीत कार्यपद्धती आणि अपुरे मनुष्यबळ यांचा हा एकत्रित परिणाम, असा तिचा निष्कर्ष. सरकारी भाषेत याला समतोल म्हणतात. आल्टाडेनाचे रहिवासी मात्र संतापले आणि त्यांचा संताप रास्त आहे. अहवालाच्या पोटात जे दडले आहे ते नीट वाचले तर चित्र स्वच्छ दिसते. घरे रिकामी करण्याची शिफारस अग्निशमन दल करणार, शेरीफ त्याला दुजोरा देणार, मग काउंटीचे आपत्कालीन व्यवस्थापन कार्यालय संगणकावर तो विभाग निवडून संदेश सोडणार. तीन कार्यालये, तीन खुर्च्या आणि अंतिम जबाबदारी कोणाची हे नियमांत धड लिहिलेले नव्हते. संदेश पाठवण्याची संगणकप्रणालीही नव्यानेच घेतलेली. मध्यरात्रीच्या सुमारास आगीच्या ठिकाणी असलेल्या एका अधिकाऱ्याने पश्चिमेकडेही आदेश द्यावा असे सुचवले होते, हे अहवालात नमूद आहे. ती सूचना ज्यांच्या कानी पडायला हवी होती, त्यांना ती आठवत नाही. शेकडो बंब, हजारो जवान आणि कोट्यवधी डॉलरची सामग्री यांचे सारे काम अखेर एका तोंडी सूचनेवर येऊन अडले आणि ती सूचना हवेत विरली.

दोनच दिवसांनी उलटा प्रकार घडला. 9 जानेवारीला दुपारी काउंटीच्या पश्चिम टोकाला केनेथ नावाची नवी आग लागली. तिच्या आसपासच्या मोजक्या वस्तीसाठी असलेला घरे सोडण्याचा संदेश अख्ख्या काउंटीला, म्हणजे जवळपास 1 कोटी लोकांना गेला. चाळीस-पन्नास किलोमीटर दूर, आगीचा मागमूस नसलेल्या भागांतही लोकांच्या खिशातले फोन कर्कश आवाजात ओरडू लागले. कुठली आग, कुठला भाग, याचा संदेशात पत्ता नाही. तासाभराच्या आत दुरुस्तीचा संदेश आला, पण चुकीच्या संदेशाची भुते दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत फोनमधून डोकावत राहिली. शेवटी राज्याच्या आपत्कालीन सेवा विभागाला काही काळ हे काम आपल्या हाती घ्यावे लागले. पश्चिम आल्टाडेनाला इशारा मिळाला नाही आणि ज्यांना गरज नव्हती त्यांना नको तेवढा मिळाला. दोन्हींचे मूळ एकच. कळ कोणी, कुठल्या माहितीवर आणि कोणाच्या शब्दावर दाबायची, याची तालीमच झालेली नव्हती.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. अमेरिकेतल्या काउंट्यांबाबत ते खरे ठरलेले नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये सोनोमा काउंटीत टब्स आग रात्रीच्या रात्री सांता रोझा शहरात शिरली. सगळ्या मोबाइलवर जाणारा आपत्कालीन संदेश तिथल्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम पाठवला नाही. संपूर्ण काउंटी घाबरेल, रस्ते तुंबतील, अशी त्यांना भीती होती. त्या आगीत 22 जण गेले. पुढच्याच वर्षी ब्यूट काउंटीतले पॅरडाइज गाव काही तासांत राख झाले. तिथे भर होता तो आधी नाव नोंदवलेल्यांनाच फोन जाणाऱ्या व्यवस्थेवर, त्यामुळे असंख्य लोकांना फोन आलाच नाही. मृतांचा आकडा 85. ऑगस्ट 2023 मध्ये हवाईतल्या माउई काउंटीत लहायना जळाले. सुनामीसाठी बेटावर बसवलेले भोंगे वाजवलेच गेले नाहीत. लोक सवयीने डोंगराकडे, म्हणजे आगीच्या दिशेनेच धावले असते, असा खुलासा आपत्ती व्यवस्थापन प्रमुखांनी केला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. तिथे 102 जण गेले. या प्रत्येक ठिकाणी चौकशी झाली, जाडजूड अहवाल निघाले, शिफारशी झाल्या. तरी 2025 च्या जानेवारीत लोकवस्तीने देशातली सर्वांत मोठी काउंटी तीच ठेच खाते, तेव्हा दोष कुठल्या एका अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणाचा राहत नाही. घबराट होईल म्हणून गप्प राहणे, हा यंत्रणेच्या हाडीमासी खिळलेला स्वभाव झाला आहे. आमच्या मते तोच पहिला गुन्हेगार. आग लागली की माणसे घाबरणारच. घाबरलेला माणूस निदान दाराबाहेर तरी पडतो.

आणखी एका गोष्टीबद्दल लॉस एंजेलिसचे राज्यकर्ते मनमोकळे बोलत नाहीत. लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेला कृष्णवर्णीय कुटुंबांची जुनी वस्ती आहे. विसाव्या शतकात बँका आणि घरविक्रेते त्यांना अन्यत्र दारात उभे करीत नसत, तेव्हा याच बाजूला त्यांना घरे घेता आली. दोन-तीन पिढ्यांनी पै-पै साठवून उभी केलेली ती घरे, आणि त्यांत पेन्शनवर राहणारे आजी-आजोबा. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने बंबांच्या जीपीएस नोंदी तपासल्या, तेव्हा निर्णायक तासांत बंबांची गर्दी पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे नावालाच बंब असे दिसून आले. यामागे कोणाचा वाईट हेतू होता असे आम्ही म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. आग पूर्वेकडून आली, म्हणून बंब पूर्वेकडे गेले, हे कारण पटण्याजोगे आहे. पण इशारा द्यायला बंब लागत नाही. त्याला फक्त कोणाच्या तरी मनात त्या वस्तीची आठवण यावी लागते.

रानोमाळ धावणाऱ्या बंबवाल्यांवर मात्र या टीकेची राख पडू नये. जोरदार वाऱ्यात, डोळ्यांत धूर जाताना त्यांनी जे केले ते अचाट होते. ईटन आगीच्या पहिल्याच संध्याकाळी वृद्धाश्रमातल्या रहिवाशांना चाकांच्या खुर्च्यांवर, काहींना तर पलंगांसकट, ठिणग्यांच्या पावसातून पार्किंगच्या मोकळ्या जागेत ढकलत नेणारे कर्मचारी साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. पॅलिसेड्समध्ये लोक गाड्या रस्त्यातच टाकून पायी पळाले, तेव्हा त्या महागड्या गाड्या बुलडोझरने बाजूला सारून बंबांना वाट करून द्यावी लागली. कॅनडातून पाणी उचलणारी विमाने आली, मेक्सिकोतून जवान आले, कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतले शेकडो कैदी जुजबी मजुरीवर जळत्या डोंगरात जाळरेषा खणत होते. दोन्ही आगींत मिळून 31 माणसे गेली आणि 16 हजारांहून अधिक इमारती जळाल्या. मिळेल त्या वाटेने दीड लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली नसती, तर हे आकडे कुठे गेले असते, याची कल्पनाही नको.

आता हे सगळे आपल्याला सांगण्याचे कारण. 1970 साली दक्षिण कॅलिफोर्नियात वणव्यांनी असाच हाहाकार उडवला होता. वेगवेगळ्या दलांचे बंब एकमेकांच्या वाटेत येत होते, बिनतारी यंत्रे एकमेकांशी बोलत नव्हती. त्यातून घटनास्थळी कोणी हुकूम द्यायचा आणि कोणी तो पाळायचा, याची ‘इन्सिडंट कमांड’ नावाची पद्धत तिथे जन्माला आली आणि पुढे जगभर गेली. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये तीच पद्धत भारतीय प्रशासनाच्या चौकटीत बसवून मार्गदर्शक तत्त्वे काढली. तिच्यानुसार जिल्ह्यातला जबाबदार अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानेही जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आहे. 2023 मध्ये देशभर फोनवर चाचणीचा इशारा आला, तो कर्कश आवाज आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. म्हणजे पद्धत आपल्याकडे आहे, कायदा आहे, फोनवर ओरडणारे तंत्रही आले आहे. लॉस एंजेलिसकडे हे सगळे आपल्याआधी होते.

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्या-जिल्ह्यांत मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात. नाल्यांची सफाई, बोटींची संख्या, वैद्यकीय पथके, धान्याचा साठा यांचे तक्ते वाचले जातात. त्या बैठकीत प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने आपल्या हाताखालच्यांना एकदा विचारावे: पहाटे 3 वाजता, मी प्रवासात असताना, धरणाच्या पायथ्याचे गाव किंवा दरडीखालची वाडी रिकामी करण्याचा हुकूम कोण देईल, कोणाला विचारल्याशिवाय देईल आणि तो त्या वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत किती मिनिटांत पोहोचेल? उत्तरात एकाच अधिकाऱ्याचे नाव आले नाही, तर बैठक तिथेच थांबवावी आणि ते नाव लिहून, त्याच्यासमोर मिनिटे मांडून, गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लावावे.