क्लच किलोमीटरने झिजत नाही

गाडीची क्लच प्लेट गेली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती चालली होती? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर मिळाले तरी फारसे काही कळत नाही. इंजिन ऑइल, टायर, ब्रेक पॅड यांचा हिशेब ढोबळमानाने का होईना, किलोमीटरवर बसतो. क्लचचा बसत नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एकीचा क्लच लाखभर किलोमीटर ओलांडतो, दुसरीचा दहा-पंधरा हजारांतच दगा देतो. मॅन्युअल स्पोर्ट्स कारमध्ये ही तफावत आणखी वाढते आणि तिच्याबरोबर वादही. मालक म्हणतो, एवढी महागाची गाडी, क्लच इतक्यात जातोच कसा? सर्व्हिस सेंटर म्हणते, क्लच हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. दोघांच्याही बोलण्यात ज्या गोष्टीचा उल्लेख नसतो, ती म्हणजे उष्णता. क्लचचे आयुष्य तीच ठरवते, आणि ती किती निर्माण करायची हे बहुतांशी चालकाच्या पायावर अवलंबून असते.

क्लचची रचना साधी आहे. इंजिनबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि त्याला बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर असते आणि ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते. पेडल पूर्ण वर असते तेव्हा स्प्रिंगच्या दाबाने हे तिन्ही भाग एकसंध फिरतात. पेडल पूर्ण दाबले की प्लेट मोकळी होते. या दोन्ही अवस्थांत अस्तर झिजत नाही. झीज होते ती मधल्या अवस्थेत, म्हणजे आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो तेव्हा. एक बाजू वेगाने फिरत असते, दुसरी हळू, आणि वेगांतला हा फरक घासून मिटवावा लागतो.

या घासण्याचा हिशेब मांडता येतो. चालकासह १४०० किलोची एक गाडी घेऊ. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या दर हजार फेऱ्यांमागे तिचा वेग ताशी ८ किलोमीटर होतो असे धरू. सपाट रस्त्यावर इंजिन १५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवून ही गाडी जागेवरून काढली, तर क्लच पूर्ण धरेपर्यंत ती ताशी १२ किलोमीटरवर पोहोचते. भौतिकशास्त्राचा नियम असा, की तोवर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळाली, साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. ती भरते सुमारे ८ किलोज्यूल. फेऱ्या दुप्पट केल्या, म्हणजे ३००० वर नेल्या, तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते: ३१ किलोज्यूल. ६००० वर ती सोळापट होऊन १२४ किलोज्यूलवर जाते. चाके जागेवर फिरली तर या ऊर्जेचा काही वाटा टायर जाळण्यात जातो, एवढाच काय तो क्लचला दिलासा.

या हिशेबातून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागते. सपाट रस्त्यावर पेडल सोडायला किती सेकंद लागले, यापेक्षा त्या वेळी इंजिन किती फेऱ्यांवर होते हे जास्त महत्त्वाचे ठरते. कमी फेऱ्यांवर सावकाश पाय उचलणारा नवशिका क्लचचे फारसे नुकसान करत नाही. गाडी बंद पडेल या धास्तीने ॲक्सिलरेटर दाबून धरणारा आणि मग हळूहळू क्लच सोडणारा चालक मात्र प्रत्येक सिग्नलला त्याचे आयुष्य कमी करत असतो.

चढावर चित्र बदलते, तिथे सेकंदांनाही किंमत येते. हीच गाडी दहास एक अशा चढावर हँडब्रेक न लावता, हाफ क्लचवर तोलून धरली आणि इंजिन १५०० फेऱ्यांवर ठेवले, तर गाडी तसूभर न हलताही क्लचमध्ये साडेचार किलोवॉटच्या आसपास उष्णता सतत तयार होत राहते. दोन घरगुती गीझर एका थाळीएवढ्या तबकडीवर चालू ठेवावेत, तसा हा प्रकार. दहा सेकंद असे उभे राहणे म्हणजे सपाट रस्त्यावर सहा वेळा गाडी जागेवरून काढण्याएवढी उष्णता. खंडाळ्याच्या घाटात चढावर रांग लागते तेव्हा क्लच जळल्याचा वास का येतो, याचे उत्तर या आकड्यात आहे. सपाट रस्त्यावरची कोंडी वाटते तितकी घातक नसते, चढावरची असते.

स्पोर्ट्स कारमध्ये हे सारे अधिक तीव्र होते. अशा अनेक गाड्यांचा पहिला गिअर लांब पल्ल्याचा असतो, त्यामुळे क्लच पूर्ण धरण्याआधी गाडीला जास्त वेग गाठावा लागतो. फ्लायव्हील हलके असेल तर फेऱ्या पटकन चढतात आणि तितक्याच पटकन पडतात, म्हणून गाडी बंद पडू नये यासाठी चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर जरा जास्तच पडतो. टायर रुंद आणि पकड घट्ट असल्याने चाके सहसा सरकत नाहीत. मग जिथे काही सरकायचे आहे ते ठिकाण एकच उरते, क्लच. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत तर हे ठळकपणे दिसते.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे पोर्शेची कॅरेरा जीटी. २००३ ते २००६ या काळात लाइपझिगच्या कारखान्यात अशा १२७० गाड्या बनल्या. ५.७ लिटरचे व्ही-१० इंजिन, ६१२ अश्वशक्ती आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. इंजिन शक्य तितके खाली बसावे म्हणून कंपनीने अवघ्या १६९ मिलिमीटर व्यासाचा सिरॅमिक क्लच बनवला. तो टिकाऊ होता, पण त्याची पकड इतकी झटक्यात बसायची की मुरलेले चालकही जागच्या जागी गाडी बंद पाडत. ती काढण्याची रीत नेहमीच्या सवयीच्या उलट होती: ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही, फक्त क्लच सावकाश सोडायचा, फेऱ्या सांभाळायचे काम इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर सोपवायचे. सवयीप्रमाणे ॲक्सिलरेटर दाबून क्लच घासवणाऱ्याला बिल मोठे यायचे. जास्त ताकदीच्या गाडीला जागेवरून निघताना जास्त ॲक्सिलरेटर लागतो, हा समज किती खोटा आहे ते या गाडीने दाखवून दिले.

आपल्याकडच्या रस्त्यांवर चुकांना आणखी काही निमित्ते मिळतात. पोट जमिनीला टेकेल या भीतीने खाली बसणारी गाडी स्पीडब्रेकरवरून तिरकी, इंच-इंच पुढे काढली जाते आणि ते सारे अंतर हाफ क्लचवर पार होते. मुंबई-पुण्याच्या टॉवरमध्ये तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प उभा असतो, त्याच्या तोंडाशी सुरक्षारक्षक गाडी थांबवतो आणि चालक ती क्लचवर तोलून उभा राहतो. सर्वांत वाईट म्हणजे चढावर रिव्हर्स घेणे. वेग अगदी कमी हवा असतो, रिव्हर्सचा गिअर मात्र तेवढा कमी वेग देत नाही. फरक भरून काढायला पुन्हा क्लचच घासला जातो. या प्रत्येक प्रसंगी उपाय एकच: थांबायचे तर ब्रेक किंवा हँडब्रेक लावून थांबावे, निघायचे तर कमी फेऱ्यांवर निघून क्लच पूर्ण सोडावा, आणि क्लच तापल्याचा वास आलाच तर काही मिनिटे गाडी बाजूला उभी करून तो थंड होऊ द्यावा. तापलेले अस्तर कमी पकडते, कमी पकडले की जास्त घसरते आणि जास्त घसरले की आणखी तापते. हे चक्र वेळेवर तोडले तर क्लच बऱ्याचदा वाचतो.

जोरदार सुरुवात करण्याच्या हौसेबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. शून्य ते शंभरचा आकडा हे मॅन्युअल गाडीचे बलस्थान आता राहिलेले नाही. पोर्शेने २०१३ मध्ये ९११ जीटी३ फक्त दुहेरी क्लचच्या पीडीके गिअरबॉक्ससह आणली, तेव्हा चाहते नाराज झाले. २०१६ ची ९११ आर ही ९९१ गाड्यांपुरती मर्यादित आवृत्ती केवळ मॅन्युअल होती, आणि २०१७ मध्ये जीटी३ लाही मॅन्युअलचा पर्याय परत मिळाला. त्या जीटी३ ला ताशी शंभरचा वेग गाठायला मॅन्युअलमध्ये ३.९ सेकंद लागतात, पीडीकेत ३.४. तेलात बुडालेले आणि संगणकाच्या ताब्यातले ते क्लच माणसाच्या पायापेक्षा सरस ठरतात, हे मान्य करूनच ग्राहकांनी मॅन्युअल मागून घेतला. त्यांना हवे होते ते गिअर स्वतः टाकण्याचे सुख. ते सुख वळणावर, घाटात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मिळते. सिग्नलवर पाच हजार फेऱ्यांवरून क्लच सोडून जे मिळते, ते स्वस्तातली ऑटोमॅटिक गाडीही देऊ शकते.

काही समज उलट दिशेने अतिरंजित आहेत. खालचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटरला हलका टप्पा देऊन फेऱ्या जुळवल्या नाहीत तर क्लच संपतो, असे उत्साही मंडळी सांगतात. प्रत्यक्षात अशा वेळी क्लचला मुख्यतः इंजिनचे फिरते भाग वेगात आणायचे असतात, आणि ते गाडीच्या मानाने फारच हलके. दोन हजार फेऱ्यांचा फरक भरून काढताना साधारण ३ किलोज्यूल खर्च होतात, हळुवार सुरुवातीच्या निम्म्याहूनही कमी. फेऱ्या जुळवाव्यात त्या मागच्या चाकांची पकड सुटू नये आणि गाडीला हिसका बसू नये यासाठी. क्लचची बचत हा त्यातला लहान लाभ आहे.

याउलट एका चुकीची चर्चा फारच कमी होते. ताशी १३० च्या वेगात पाचव्यातून चौथ्यात येताना हात चुकून दुसऱ्यात गेला, तर चालक क्लच दाबूनच ठेवतो आणि इंजिन वाचले म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. पण क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असते. दुसरा गिअर हजार फेऱ्यांमागे ताशी १३ किलोमीटर देत असेल, तर त्या क्षणी प्लेट दहा हजार फेऱ्यांनी फिरू लागते. इंजिनची मर्यादा सातेक हजारांची असताना एवढ्या वेगात अस्तर रिव्हेटांपासून सुटून फाटू शकते. गिअर घाईने आणि जोर लावून टाकू नये, हा जुन्या उस्तादांचा सल्ला इथे अक्षरशः लागू पडतो.

टर्बो गाड्यांचे रीमॅप हा वेगळा विषय. कारखान्यातून येणारा क्लच इंजिनच्या कमाल टॉर्कपेक्षा थोडा जास्त भार पेलेल असा निवडलेला असतो. सॉफ्टवेअर बदलून टॉर्क वाढवला की ती शिल्लक पहिल्याच दिवशी खर्ची पडते. मग वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की फेऱ्या चढतात, वेग मात्र तिथेच राहतो. इथे चालकाचे पाऊल निर्दोष असू शकते, चूक खरेदीच्या निर्णयात असते. रीमॅप विकणाऱ्याने क्लचची क्षमता आधी सांगणे हा प्रामाणिक व्यवहाराचा भाग मानला पाहिजे.

म्हणूनच क्लच गेला की चालकालाच दोषी धरण्याची सर्व्हिस सेंटरची सवयही तितकीच चुकीची आहे. काढलेला क्लच स्वतः साक्ष देतो. अस्तर सगळीकडे सारखे झिजून रिव्हेटांपर्यंत आले असेल, तर दीर्घकाळ घासल्याची ती खूण. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि बारीक चिरा असतील, तर थोड्या वेळात प्रचंड उष्णता झाली होती. प्लेटमधल्या स्प्रिंग तुटल्या असतील, तर धक्का देऊन क्लच सोडला गेला असावा. पण अस्तर तेलाने भिजलेले असेल, तर क्रँकशाफ्टचे किंवा गिअरबॉक्सचे सील गळते आहे, आणि अस्तर जाड असूनही गिअर पडत नसेल, तर हायड्रॉलिक सिलिंडर किंवा रिलीज बेअरिंग तपासायला हवे. या शेवटच्या दोन दोषांचा हाफ क्लचच्या सवयीशी सहसा थेट संबंध जोडता येत नाही.

यातून दोन मागण्या पुढे येतात. पहिली उत्पादक आणि विक्रेत्यांकडे. वॉरंटी नाकारताना काढलेल्या प्लेटची जाडी, फ्लायव्हीलची अवस्था आणि छायाचित्रे यांचा लेखी अहवाल ग्राहकाच्या हाती द्यावा. झीज झाली एवढे म्हणून भागू नये, ती कशी झाली हेही सांगावे. मालकानेही जुने भाग पाहिल्याशिवाय बिल भरू नये.

दुसरी मागणी शिकवणाऱ्यांकडे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पंधराव्या नियमात चालक चाचणीचे निकष दिले आहेत. चढावर थांबून, हँडब्रेकचा किंवा ॲक्सिलरेटर आणि फूटब्रेकचा योग्य वापर करून, गाडी मागे न घसरू देता पुढे काढणे हे त्यांपैकी एक. हा निकष काटेकोरपणे तपासला गेला, तर ब्रेक लावून थांबण्याची आणि निघण्याची सवय पहिल्या महिन्यातच लागेल. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मात्र गाडी हाफ क्लचवर तोलून धरणे हेच कौशल्य म्हणून शिकवले जाते, कारण ते दिसायला सफाईदार असते आणि शिकाऊ चालक गाडी बंद पाडत नाही. तोच चालक पुढे दुप्पट ताकदीच्या गाडीत बसतो तेव्हा जुनी सवयही बरोबर नेतो. स्पोर्ट्स कार त्याला काही नवे बिघडवायला शिकवत नाही, शिकलेल्या चुकीची किंमत तेवढी वाढवते. मॅन्युअल स्पोर्ट्स कार घेणारे आता कमी आहेत आणि जे आहेत ते हौसेने घेतात. त्या हौसेत क्लच कुठे, किती आणि का तापतो हे समजून घेणेही यायला हवे, कारण गिअर स्वतः टाकण्याचा हक्क मागितला की त्याच्या उष्णतेची जबाबदारीही चालकाकडेच येते.