थंडी नसलेल्या गावातली बॅटरी

"हैदराबादेत थंडी कुठे आहे? मग बॅटरीचे एवढे लाड कशाला?" हा प्रश्न बरीच वर्षं कानावर पडतो आहे. परवा मात्र काचीगुड्यातल्या एका साखरपुड्याच्या पंगतीत एका जाणत्या गृहस्थांनी तो इतक्या ठामपणे टाकला, की शेजारच्यानं जिलबी हातात धरूनच मान डोलावली आणि त्याच आठवड्यात आपल्या तेरा वर्षांच्या डिझेल गाडीत छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बसवून घेतली. ती मी बघितली. टर्मिनलचे खांब बारीक, म्हणून क्लॅम्पमध्ये पत्र्याची पट्टी कोंबलेली. ट्रेमध्ये बॅटरी हलते, म्हणून बाजूला लाकडाचा ठोकळा. पैसे वाचल्याचा आनंद मालकाच्या चेहऱ्यावर ओसंडत होता, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

पूर्वपक्ष थोडक्यात असा. बॅटरीवरचा तो सीसीएचा आकडा बर्फाळ देशांसाठी, आपल्याला त्याचं काय? गाडी जुनी झाली, तिच्यावर खर्च कशाला? बॅटरी मेंटेनन्स-फ्री आहे, बॉनेट उघडायचंच नाही. रोज सकाळी दहा मिनिटं गाडी चालू ठेवली की झालं. आणि एवढं करूनही दोन वर्षांत बॅटरी बसली, तर कंपनी चोर. मठ्ठा येईपर्यंत पाचही मुद्दे सिद्ध होऊन गेले होते.

पहिला मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचे त्याच्याच खांद्यावर उभे आहेत. सीसीए म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी उणे 18 अंश सेल्सिअसला, व्होल्टेज 7.2च्या खाली न जाऊ देता, 30 सेकंद किती अॅम्पिअर देऊ शकते तो आकडा. हैदराबादच्या नोंदींतला नीचांक 6.1 अंशांचा, 8 जानेवारी 1946चा. म्हणजे निजामाच्या राज्यातही इथे कुणाची बॅटरी उणे अठरात कुडकुडली नाही. इथवर गृहस्थ बरोबर. पण त्यांनी नोंदवहीचं पुढचं पान उलटलेलं दिसत नाही. तिथे 2 जून 1966 ही तारीख आहे आणि तापमान आहे 45.5 अंश. ती सावलीतली नोंद. एप्रिल-मे महिन्यांत अमीरपेट ते पंजागुट्टा रांगेत रांगत आलेली गाडी बंद केली, की बॉनेटखाली साठ-सत्तर अंश सहज होतात आणि पंखाही थांबलेला असतो.

तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुपटीला जातो, हा शाळेतला ठोकताळा. बॅटरीत ज्या क्रिया आपल्याला हव्या असतात त्यांच्याबरोबर नको त्याही वेग घेतात. धन पट्टीची जाळी गंजते. ॲसिडातलं पाणी उडतं. गाडी उभी असताना चार्ज आपोआप उतरतो. उतरलेल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे खडे धरतात, आणि एकदा ते कडक झाले की चार्जर लावूनही विरघळत नाहीत. हे सगळं उन्हाळ्यात गुपचूप चालतं. कारण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं आणि अर्धमेली बॅटरीसुद्धा सेल्फ फिरवून देते. मग डिसेंबरातली बारा-तेरा अंशांची एक पहाट येते, ऑइल घट्ट होतं, आणि सेल्फ नुसता 'टक्' म्हणून गप्प. गृहस्थ म्हणतात, "बघा, थंडीनं गेली!" खून मे महिन्यात झालेला असतो, पंचनामा डिसेंबरात होतो. राणीगंजच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत हीच गोष्ट एका मेकॅनिकनं मला दोन वाक्यांत सांगितली होती: "सर्दी का नाम नक्को लो साब. गर्मी खा गई इसको."

तेव्हा सीसीएचा आकडा इथे उणे अठरासाठी वाचायचा नसतोच. ज्या बॅटरीचा अंतर्गत रोध कमी, ती एका दमात जास्त प्रवाह सोडते. तो दम मोजायला हा आकडा बरा. दर उन्हाळ्यात त्यातला थोडा दम जाणार हे ठरलेलंच आहे. मग सुरुवातच तुटपुंज्या भांडवलावर का करायची?

डिझेल इंजिनाला हा दम का लागतो, तेही या निमित्तानं सांगून टाकतो, कारण पंगतीत ते कुणालाच माहीत नव्हतं. पेट्रोलला ठिणगी पेटवते. डिझेलला ठिणगी नाही. हवा दाबून इतकी तापवायची की आत पडलेलं डिझेल आपोआप पेट घेईल. छोट्या पेट्रोल इंजिनात हवा दहापटीच्या आसपास दाबली जाते, जुन्या डिझेलात अठरा ते बावीस पटींपर्यंत. हा दाब सेल्फनं नुसता गाठून भागत नाही, झटपट गाठावा लागतो. इंजिन संथ फिरलं की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती पिऊन टाकतात. सेल्फ फिरतोय, आवाज येतोय, गाडी मात्र चालू होत नाही. शिवाय सेल्फ मारण्याआधी हीटर प्लग आपला वाटा घेऊन गेलेले असतात. कॉमन रेल गाडीत आणखी एक भानगड: इंजिन पुरेशा वेगानं फिरल्याशिवाय रेलमध्ये दाबच तयार होत नाही, आणि व्होल्टेज फार पडलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टरला हुकूम देत नाही. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांना निदान चार पोरं गोळा करून धक्का मारता यायचा. कॉमन रेलची बॅटरी पार बसली, तर त्या पोरांचा नुसता घाम निघतो.

"गाडी जुनी, मग खर्च कशाला" हा दुसरा मुद्दा इथेच आडवा होतो. रिंगा झिजलेल्या, प्लग थकलेले, सेल्फचे कार्बन ब्रश अर्ध्यावर आलेले. जुन्या इंजिनाला नव्यापेक्षा धडधाकट बॅटरी लागते, कमकुवत नव्हे. आणि दिल्लीत लादली गेली तशी दहा वर्षांनी डिझेल गाडी हद्दपार करायची सक्ती आपल्या शहरात नाही. पंधरा वर्षांनी नूतनीकरण करून ती पुढेही चालवता येते.

मेंटेनन्स-फ्री म्हणजे कॅल्शियम मिश्रधातूच्या जाळीमुळे पाणी कमी उडतं, एवढंच. वरचा तो हिरवा डोळा सहापैकी एकाच सेलची खबर देतो. उरलेले पाच देवाच्या भरवशावर.

दहा मिनिटांचं प्रकरण. एकदा सेल्फ मारायला अडीचशे अॅम्पिअर तीन सेकंद लागले, तर हिशेब जेमतेम 0.2 अॅम्पिअर-अवर. तेवढं दहा मिनिटांत परत येतं, मान्य. पण उतरलेली बॅटरी भरायला काही तास लागतात. शेवटचा पाचवा हिस्सा ती फार सावकाश घेते. दहा मिनिटांत पार्किंगमधल्या शेजाऱ्यांना धूर मिळतो, इंजिनाच्या ईजीआर झडपेला काजळी मिळते.

या गृहस्थांच्या घराण्यातला आणखी एक जुना वाद आठवला. बॅटरीत एसीचं पाणी टाकायचं की नाही. एसीतून ठिबकतं ते वाफेचं पाणी, म्हणजे डिस्टिल्डच, असं मला एका वकिलानं (होय, वकिलानं) साक्षीपुराव्यासह पटवायचा प्रयत्न केला होता. वाफेचं खरंच. पण ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून आणि तिच्यावर साचलेल्या धुळीवरून ओघळत खाली येतं. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. बोअरच्या पाण्याबद्दल तर शेजारच्या नलगोंड्याकडे बघा; तिथल्या फ्लोराइडनं माणसांची हाडं वाकवली. डिस्टिल्ड पाण्याची बाटली किरकोळ पैशांत मिळते. ती न घेता बादलीभर एसीचं पाणी जपून ठेवण्यात काय पुरुषार्थ आहे, हे त्या दिवशी कळलं नाही, आजही कळलेलं नाही. बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, हा दुसरा पुराणवाद. आजच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला फरशी कळत नाही.

कंपनी चोर आहे का? बॅटरीच्या बाजारातल्या दोन बड्या नावांपैकी एक तिरुपतीचं, दुसऱ्याचा एक कारखाना आपल्या चिंचवडला. या दोन देवस्थानांत मला पडायचं नाही.

आता माझं म्हणणं. ते फारसं नाट्यमय नाही, म्हणूनच पंगतीत खपत नाही. गाडीबरोबर जेवढ्या अॅम्पिअर-अवरची बॅटरी आली होती तेवढीच किंवा ट्रेमध्ये नीट बसेल अशी किंचित मोठी घ्या. धन टर्मिनल डावीकडे की उजवीकडे, ते आधी बघा. दुकानात तिच्यावरचा उत्पादनाचा महिना विचारा. उन्हाळाभर कपाटात पडलेली बॅटरी नवी नसते. बसवण्याआधी मल्टिमीटर लावा, 12.6 व्होल्टच्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटीत फुकट बदलून देण्याचा काळ किती आणि प्रो-राटा किती, हे कार्डावर वाचा.

पण पैसे मोजण्याआधी जुनीच बॅटरी खरंच गेली आहे का, तेही पाहा. गाडी चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसत नसतील, तर दोष अल्टरनेटरकडे. इंजिनाची अर्थिंग पट्टी गंजलेली असेल तर ती सोडून घासा. तिच्यात ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी रोध बसला, तरी दोनशे अॅम्पिअरला दोन व्होल्ट वाटेतच गडप होतात आणि सेल्फच्या हाती काही उरत नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, वर व्हॅसलिन. बॅटरी काढताना ऋण टोक आधी, लावताना शेवटी. गाडी कमी चालत असेल तर महिन्यातून एकदा रात्रभर साधा ऑटोमॅटिक चार्जर. किंवा सोलापूरला जाऊन या. तीनशेएक किलोमीटरमध्ये बॅटरीही भरते आणि शेंगाचटणीही येते.

आणि जुनी बॅटरी हातगाडीवाल्या भंगारवाल्याला देऊ नका. तो ॲसिड गटारात ओततो आणि शिसं कुठल्यातरी परसात वितळतं. 2022च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. दुकानदार तिची किंमत नव्या बिलातून वजा करतो. नाही केली, तर पावती बनण्याआधी विचारा.