पितळेची हवा

घासूनपुसून लखलखीत केलेल्या, पण काटा मेलेल्या बॅरोमीटरविरुद्ध मला आज दोन शब्द बोलायचे आहेत. शाळेत आपण याला वायुभारमापक म्हणत होतो आणि त्याची आकृती काढली की दोन मार्क पडत. आता तोच मीरा-भाईंदरच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर, देवासारखा बसलेला दिसतो. एरवी हे गाव स्टीलच्या भांड्यांचं. पण पाहुण्यांपुढे पितळच लागतं.

आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी चोर बाजारातून असा एक आणला. चिंच लावून घासला. "दुसऱ्या महायुद्धातल्या बोटीवरचा आहे, बरं का!" म्हणाले. पुरावा काय, तर मागे कोरलेला सरकारी बाण. आता बाण कोरायला युद्ध लागत नाही, एक छिन्नी पुरते. जुन्या बोटींवरच्या वस्तूंच्या पितळी नकला रुरकीकडे राजरोस बनतात. पण तेही सोडा. मी विचारलं, "काटा हलतो का?"

"हलेल कशाला? अँटिक आहे!"

माझं भांडण आहे ते या 'कशाला'शी. मीही जुनं पितळ जमवतो, त्यामुळे घरातली बोलणी मला नवी नाहीत. पण हवा काढून टाकलेली पातळ पत्र्याची डबी हा या यंत्राचा जीव. तिला टाचणीएवढं भोक पडलं, की उरते ती थाळी. मग थाळीच घ्यावी, निदान पोहे तरी खाता येतात.

खरा-खोटा ओळखणं सोपं आहे. खाडीला भरती-ओहोटी असते, तशी आपल्याकडे हवेलाही असते. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. फरक तीन-चार मिलिबारचा. दहाला बघा, चारला बघा. काटा जागचा हलला नाही तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

तबकडीवरच्या इंग्रजी अक्षरांवर मात्र जाऊ नका. ती विलायतेच्या हवेची भाकितं. मुंबईच्या बाजूला जुलैत दाब साधारण १००३-१००४ मिलिबार, म्हणजे साडेएकोणतीस इंचांच्या जरासा वर. पाऊस आडवा येऊन गॅलरीतले वाळत घातलेले कपडे पुन्हा धुऊन काढतो आहे, आणि साहेबांचा काटा 'चेंज' आणि 'फेअर'च्या मध्ये मिशीला पीळ देत उभा! शब्द वाचायचेच नसतात. आकडा वाचायचा, आणि लिहून ठेवायचा.

लिहून ठेवणारे होते, म्हणून तर या पितळेला किंमत. डिसेंबर १९४४ मध्ये फिलिपाइन्सच्या पूर्वेला ॲडमिरल हॉल्सीचं आरमार टायफूनमध्ये सापडलं. तीन विनाशिका बुडाल्या, ७९० माणसं गेली. अशा समुद्रावर कुणीतरी पोरगा एका हाताने खांब धरून तासातासाला काट्याचा आकडा वहीत उतरवत होता. शत्रू ऐकेल म्हणून तो रेडिओवर ओरडून सांगायची सोय नाही. आकडा वहीतच राहायचा. त्या वह्या पुढे कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. २०२३ मध्ये रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रशांत महासागरातल्या १९ अमेरिकी युद्धनौकांच्या १९४१ ते १९४५ च्या वह्यांमधून ३७ लाखांहून अधिक नोंदी जगापुढे मांडल्या. हजारो हौशी लोकांनी फुकट बसून ती अक्षरं लावली होती. त्या वर्षांत त्या समुद्रावर हवा काय करत होती, हे त्यातून कळतं. आता बोला! यातली एकही नोंद चिंचेने उजळलेली नाही.

आणि आपण काय करतो? ज्यातून आकडे निघाले ते यंत्र बंद पाडून भिंतीला टांगतो आणि वर त्याला वारसा म्हणतो.

तेव्हा बॅरोमीटर खुशाल घ्या, जुना घ्या, महायुद्धातला मिळाला तर त्याहून चांगलं. पण सोबत एक दोनशे पानी वही घ्या. भाईंदर स्टेशनाबाहेर मिळते. पॉलिशच्या डबीपेक्षा स्वस्त पडते.