खुर्ची आली, सावली कुठे आहे?

गेल्या दिवाळीत पुण्याचा पुतण्या जालन्यास आला, तो मिठाईच्या खोक्यांबरोबर एक खुर्चीही घेऊन. सागवानी पाय, बसायला वेताची वीण, हात किंचित तिरके. "काका, हिला मिड-सेंच्युरी म्हणतात," असे सांगून त्याने जी किंमत उच्चारली, ती ऐकून आमच्या मंडळींचा कढईतला अनारसा करपला.

असल्या वेताच्या खुर्च्या आमच्या पिढीने सरकारी कचेऱ्यांतून हव्या तितक्या पाहिल्या आहेत. चंदीगड वसत होते तेव्हा, १९५० नंतरच्या दशकात, ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जनरे आणि त्यांचे सहकारी यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी अशा खुर्च्या आखल्या. पुढे मोडक्या म्हणून त्या ढिगाने भंगारात निघाल्या. आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांना लाखांचे मोल आले, तेव्हा कुठे आपले डोळे उघडले. परक्याने वाखाणल्याखेरीज घरची वस्तू आपल्याला दिसतच नाही, ही खोड जुनीच आहे. असो.

माझे भांडण त्या खुर्चीशी नाही. ती देखणी आहे, आणि पाठीला सुखाचीही आहे. पण सत्तर वर्षे झाली तरी त्या काळच्या घरांची मोहिनी उतरत नाही, ती काय केवळ निमुळत्या पायांमुळे? त्या पिढीचे चांगले वास्तुकार आधी विचारीत, ऊन कुठून येते आणि वारा कुठून? आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला ग्रोपियसच्या हाताखाली शिकून आले. पण इथे बांधताना त्यांना इथले हवामान विसरता येईना. चार्ल्स कोरिया यांनी १९६१-६२ च्या सुमारास अहमदाबादेत अवघ्या बारा फूट रुंदीचे एक घर रचले. तापलेली हवा उतरत्या छपराच्या आतून वर चढून माथ्यावरच्या झरोक्यातून निघून जावी आणि खालून गार हवा आत यावी, अशी त्याची योजना. स्वस्तातल्या घरकुलाचा तो नमुना होता बरे, धनिकाचा महाल नव्हे! ते घर आज उरलेले नाही.

आता आमच्या जालन्याच्या नव्या वसाहतींतून एक फेरी मारून पाहा. बंगल्याचे तोंड पश्चिमेला, त्यावर निळ्या काचेचा दुमजली पडदा, छज्जा वीतभर. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्या काचेमागे माणूस भाजून निघतो, मग चार यंत्रे घरघरू लागतात. वीज गेली की मंडळी खाली जिन्याशी येऊन बसतात. आणि या घरात बसवायला मिड-सेंच्युरी सोफा!

कोणी म्हणेल, आता हा म्हातारा माळवदाचे गोडवे गाणार. नाही गाणार. जाड भिंतींच्या त्या गारव्यात मी वाढलो, आणि पावसाळ्यात गळतीखाली घमेली मांडतही वाढलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे मातीचे ओझे यांखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर मराठवाड्यातल्या कुणा आईला स्लॅबच हवीशी वाटली, तर तिला नावे ठेवणारा मी कोण? शिवाय सळई तर आमच्या गावचीच. इथल्या पोलाद कारखान्यांची सळई दूरदूरच्या घरांत जाते. तीच सळई दोन हात पुढे काढली तर खिडकीवर रुंद छज्जा होतो. समोरासमोर खिडक्या ठेवायला, मधे चार पावलांचा चौक सोडायला, पश्चिमेला जाळीची भिंत घालायला कोणते परदेशी सामान लागते? पण छज्ज्याचा फोटो काचेसारखा येत नाही ना!

हे सारे मी पुतण्याला फराळाच्या ताटावरच ऐकवले. तो अंबड रस्त्याला घर बांधतो आहे. त्याने मुकाट्याने नकाशा उलगडला. मी विचारले, "बाबा, यात मावळत कुठे आहे?" त्याने कागद दोनदा फिरवला, उत्तरेचा बाण सापडवला, आणि बोट ठेवले ते नेमके स्वयंपाकघराच्या काचेवर.

"इथे तर आई उभी राहणार, काका," तो म्हणाला, आणि खिशातून पेन्सिल काढली.